स्वतःहून निसर्गचित्र शिकताना या चुका टाळा

कलाशाळेत न जाता जलरंगात निसर्गचित्रे करू लागलेल्या माणसाच्या तक्रारी बहुतेक वेळा रंगाविषयी असतात. झाडांचा हिरवा कच्चा दिसतो, डोंगर मळकट होतो, आकाश चांगले उतरलेले असते पण खालची जमीन रंगवताच सगळे चित्र सपाट पडते. मग तो दुकानात जाऊन आणखी दोन हिरवे, एखादा महागडा निळा आणि वेगळ्या आकाराचा ब्रश घेऊन येतो, आणि पुढचे चित्र तरीही तसेच होते. यातील बहुतेक तक्रारींचे मूळ टोनमध्ये, म्हणजे कोणताही रंग किती गडद किंवा किती फिका लावला आहे यात असते, आणि ते दाखवून देणारे कोणी शेजारी नसल्यामुळे ती चूक वर्षानुवर्षे टिकून राहते. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच चुका फिरून टोनपाशीच येतात, म्हणून त्या विषयाला येथे जाणूनबुजून अधिक जागा दिली आहे.

स्वशिक्षणाला अभ्यासक्रम लागत नाही, हा समज

स्वशिक्षित चित्रकार म्हटले की व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांचे नाव हमखास घेतले जाते आणि त्यांचा दाखला देऊन, शिकण्याची गरजच नाही, मनात येईल तसे रंगवावे, असा निष्कर्ष काढला जातो. त्यांची प्रत्यक्ष पद्धत मात्र अगदी उलट होती. १८८० मध्ये, वयाच्या २७व्या वर्षी, चित्रकार व्हायचे ठरवल्यावर त्यांनी शार्ल बार्ग यांच्या रेखांकनाच्या छापील अभ्यासपटांच्या नकला चिकाटीने केल्या, फ्रेंच चित्रकार मिले यांच्या शेतकरी-जीवनाच्या चित्रांवरून अभ्यास केला, आणि नात्यातले चित्रकार अंतोन मॉव्ह यांच्याकडून जलरंग व तैलरंगाचे प्राथमिक धडे घेतले. १८८२ मध्ये द हेग येथे राहत असताना त्यांनी एक लाकडी चौकट बनवून घेतली. तिच्यात उभ्या, आडव्या आणि तिरप्या दोऱ्या ताणलेल्या होत्या, आणि उंचसखल जमिनीतही ती उभी राहावी म्हणून तिला रोवता येणारे पाय होते. त्या दोऱ्यांतून समोरचे दृश्य पाहिले की कोणती कड कोठे सुरू होते आणि किती तिरकी जाते, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. पुढे अँटवर्पच्या अकादमीत आणि पॅरिसमध्ये चित्रकार कोर्मों यांच्या स्टुडिओतही ते काही काळ बसले; पण काय शिकायचे आणि केव्हा सोडायचे, हा निर्णय कायम त्यांचा स्वतःचा होता. स्वशिक्षण या शब्दाचा मला पटणारा अर्थ एवढाच आहे.

तशी चौकट आजही जाड पुठ्ठा आणि शिवणाचा दोरा वापरून घरी करता येते, आणि तिचा उपयोग करणे म्हणजे लबाडी आहे असे मानण्याचे काहीच कारण नाही. चौकट करायची नसेल, तर पेन्सिल समोर धरून माप घ्यावे; मात्र हात कोपरात वाकला की प्रत्येक वेळी माप बदलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हात पूर्ण ताणलेला, एक डोळा मिटलेला आणि पेन्सिल डोळ्यांशी समांतर, या तिन्ही अटी पाळल्या तरच त्या मापाला अर्थ आहे.

आजच्या स्वशिक्षिताची अडचण साधनांच्या टंचाईची नसून त्यांच्या सुकाळाची आहे. एकामागून एक व्हिडिओ लावून त्यातील चित्र जसेच्या तसे उतरवल्याने हात चालतो हे खरे, पण कोणता भाग गाळायचा, कोणता गडद करायचा आणि कोठे थांबायचे हे सर्व निर्णय त्या व्हिडिओतील चित्रकाराने आधीच घेतलेले असतात. त्यामुळे हाच माणूस प्रत्यक्ष नदीकाठी जाऊन बसला की गोंधळतो. नकल करावी, पण एका वेळी एकच प्रश्न मनात ठेवून. एखाद्या चांगल्या चित्राची केवळ पेन्सिलने, रंग अजिबात न वापरता, टोनची नकल करून पाहिली, तर त्या चित्रकाराने किती गोष्टी गडद भागात बुडवून टाकल्या आहेत हे लगेच कळते.

विषय सतत बदलणे ही याच जातीची चूक आहे. दर रविवारी नवे गाव शोधणाऱ्यांनी आबालाल रहिमान यांची चित्रे आवर्जून पाहावीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला आणि छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार कोल्हापूरच्या कोटितीर्थ आणि रंकाळा यांच्या परिसरात रमला, आणि त्या ओळखीच्या जागांवर पडणाऱ्या निरनिराळ्या वेळांच्या प्रकाशातून त्याला चित्रे मिळत गेली. जागा पाठ झालेली असली की रेखांकनाची चिंता कमी होते आणि उजेडाकडे पाहायला मन मोकळे राहते. घराच्या गच्चीवरून दिसणारा एकच कोपरा सकाळी, दुपारी आणि पावसाळी संध्याकाळी रंगवणे हा नवशिक्यासाठी लोणावळ्याच्या सहलीपेक्षा अधिक उपयुक्त व्यायाम आहे.

सगळे चित्र मधल्या टोनमध्ये अडकणे

चित्र सपाट का पडते, याचे उत्तर आपल्या डोळ्याच्या सवयीत आहे. सावलीकडे रोखून पाहिले की बाहुली मोठी होते आणि सावलीतील तपशील उजळून दिसू लागतो. उन्हातील भिंतीकडे पाहिले की बाहुली लहान होते आणि भिंतीवरचे डागही दिसू लागतात. चित्र काढणारा एकेका जागेकडे असे आळीपाळीने पाहत जातो, प्रत्येक जागेतील तपशील प्रामाणिकपणे टिपतो, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच सावली हवी त्यापेक्षा फिकी व ऊन हवे त्यापेक्षा गडद होते. शेवटी कागदावर ना खरे ऊन उरते ना खरी सावली, आणि आपण मात्र दोष हिरव्या रंगाला देतो.

डोळे किलकिले करून पाहणे हा यावरचा सर्वात जुना उपाय आहे. पापण्यांमधून थोडाच उजेड आत आला की तपशील पुसले जातात आणि समोरच्या दृश्याचे चारपाच मोठे तुकडे उरतात. हे तुकडे रंग लावण्याआधी पत्त्याएवढ्या चौकोनात ४बी किंवा ६बी पेन्सिलने मांडून पाहावेत, आणि त्यात केवळ तीनच टोन वापरावेत: कोरा कागद, एक मधला राखी आणि एक गडद. चौथा टोन वापरण्याचा मोह होतोच. पण तीन टोनमध्ये जे दृश्य उभे राहत नाही, ते वीस रंगांतही सहसा उभे राहत नाही. वाईजवळच्या मेणवलीचा कृष्णाकाठचा घाट हे चित्रकारांचे आवडते ठिकाण आहे आणि तेथे ही चूक फार स्पष्टपणे दिसते. नवशिका प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे, वरच्या कडेला एक रेघ आणि खालच्या कडेला एक रेघ देऊन रंगवतो, आणि घाटाऐवजी कागदावर रेघांची जाळी तयार होते. किलकिल्या डोळ्यांनी पाहिले, तर सावलीतील सर्व पायऱ्या, त्यांच्यामागची तटभिंत आणि पिंपळाच्या सावलीचा भाग हे सगळे मिळून एकच गडद आकार दिसतो. तो आकार एका वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाच्या एका सलग थरात लावावा, आणि त्याच्या उन्हातील कडेला तीनचार पायऱ्या सुचवल्या की पाहणारा उरलेल्या पायऱ्या स्वतःच मोजतो.

प्रकाश वरून येतो ही साधी गोष्ट लक्षात ठेवली, तरी टोनचे निम्मे निर्णय सोपे होतात. सर्वसाधारणपणे आकाश सर्वात उजळ असते. सपाट जमिनीवर प्रकाश थेट पडत असल्याने तिचा क्रमांक दुसरा लागतो. डोंगराच्या उतारांना त्याहून कमी प्रकाश मिळतो, आणि झाडे, कडे, भिंती अशा उभ्या गोष्टी सर्वात गडद असतात. या नियमाला अपवाद आहेत आणि आपल्या प्रदेशात ते वारंवार भेटतात. मृगाच्या तोंडावर दाटून आलेले आभाळ वाळलेल्या गवताच्या माळापेक्षा कितीतरी गडद असते, आणि काळ्या मातीचे नांगरलेले रान सपाट असूनही मागच्या टेकडीपेक्षा गडद दिसते. अपवाद समोर दिसत असेल तेव्हा अर्थातच समोरचे खरे मानावे. परंतु समोर नियम दिसत असताना उतार आणि जमीन दोन्ही सारख्याच हिरव्या रंगाने आणि सारख्याच टोनने भरून टाकल्याची चित्रे इतकी दिसतात, की हा क्रम प्रत्येक चित्रापूर्वी एकदा तोंडाने म्हणून घ्यावा असे मला वाटते.

जलरंगाचा एक स्वभावही येथे आड येतो. ओला असताना जो टोन योग्य वाटतो तो वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे बेताने रंग लावणाऱ्याचे चित्र वाळल्यानंतर हमखास दुबळे दिसते. अॅक्रिलिकमध्ये उलट होते. ते वाळल्यावर थोडे गडद होते, म्हणून एका माध्यमातून दुसऱ्यात जाणाऱ्याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. यावर उपाय म्हणजे त्याच कागदाची एक पट्टी जवळ ठेवून तिच्यावर रंग लावून, वाळू देऊन मगच ठरवणे. सर्वात गडद जागेसाठी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे घट्ट, अगदी कमी पाण्याचे मिश्रण पुरते, आणि त्यांचे प्रमाण बदलून ते मिश्रण थंड किंवा उबदार करता येते. तयार काळा रंग वर्ज्य आहे असे मी म्हणणार नाही. पण नवशिका प्रत्येक रंगात तोच काळा मिसळून सावली करतो, त्यामुळे उन्हाळी दुपारच्या सावलीत आकाशाचा जो निळसरपणा असतो तो नाहीसा होतो.

प्रत्यक्ष स्थळी काम करताना आणखी दोन गोष्टी टोन बिघडवतात. पहिली म्हणजे कागदावर थेट पडणारे ऊन: त्या झगमगाटात लावलेला रंग प्रत्यक्षात आहे त्याहून उजळ भासतो, म्हणून माणूस तो अधिक गडद लावतो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. बोर्ड सावलीत धरावा, आणि छत्री वापरायची असेल तर ती रंगीत नसावी, कारण लाल किंवा निळ्या छत्रीखाली पांढरा कागदही पांढरा राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे सरकता सूर्य. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावल्यांची दिशा आणि लांबी पार बदलून जाते. जो माणूस आधी आकाश, मग डोंगर, मग झाडे आणि सर्वांत शेवटी सावल्या असा क्रम धरतो, त्याच्या चित्रात झाडाचा उजेड नऊचा आणि त्याची सावली अकराची असते. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकते. सावल्यांचे आकार पहिल्या काही मिनिटांतच पेन्सिलने नोंदवावेत आणि नंतर समोर कितीही आकर्षक बदल झाला, तरी ते हलवू नयेत.

माहीत असलेला डोंगर आणि दिसणारा डोंगर

शाळेच्या स्मरणचित्रातील दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, डावीकडे झोपडी आणि उजवीकडे नारळ हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात इतके मुरलेले असते, की खरा सह्याद्री समोर असतानाही तो हात त्रिकोणच काढतो. सह्याद्रीचा बराचसा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. हे थर बहुतांशी आडवे आहेत आणि त्यांचा कठीणपणा सारखा नाही. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि त्यामुळे कडा, उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार अशा आडव्या पट्ट्या आणि वर अनेकदा सपाट माथा अशी या डोंगरांची ठेवण झाली आहे. हे एकदा कळले की रेखांकनाची पद्धतच बदलते: बाह्यरेषा काढून आत रंग भरण्याऐवजी आधी आडव्या पट्ट्या पाहाव्यात, उतारांवर मधला टोन आणि कड्यांवर गडद टोन द्यावा, आणि एका डोंगरावरची पट्टी समोरच्या डोंगरावर त्याच उंचीला पुन्हा सापडते का ते पाहावे. ती बहुधा सापडते, आणि दोन्ही डोंगर एकाच प्रदेशाचे वाटू लागतात.

दूरचे डोंगर निळे आणि फिके करावेत, हे प्रत्येक पुस्तकात सांगितलेले असते आणि ते चुकीचेही नाही, कारण मधल्या हवेतून विखुरलेला प्रकाश दूरच्या गडद भागावर चढतो आणि तेथील छायाप्रकाशाचा भेद मंद करतो. पण हा नियम पाठ करून बारा महिने एकाच निळ्या रंगाचे डोंगर करणे ही चूक आहे. एप्रिल-मेमध्ये हवेत धूळ असते, तेव्हा दूरचा डोंगर करडा, कधी किंचित पिवळट दिसतो आणि त्याची कड आकाशात विरून जाते. उलट पावसाळ्यात एखादी जोरदार सर येऊन उघडीप झाली की हवा धुतली जाते, आणि पाचसहा किलोमीटरवरचा डोंगर अंगावर आल्यासारखा गडद आणि स्पष्ट दिसतो. त्या वेळी खोली दाखवायची असेल, तर ती दऱ्यांतून वर चढणाऱ्या धुक्याच्या मदतीने दाखवावी लागते. डोंगर उगाच फिके करून पाऊसच नाहीसा होतो.

क्षितिजरेषेची चूक याहून महाग पडते. डोंगराळ भागात खरे क्षितिज दिसतच नाही, म्हणून पुष्कळजण डोंगराच्या माथ्यालाच क्षितिज समजतात आणि घरांच्या छपरांच्या रेषा त्या उंचीकडे वळवतात. क्षितिजरेषा म्हणजे आपल्या डोळ्यांची उंची, आणि ती शोधण्यासाठी अर्धी भरलेली पाण्याची पारदर्शक बाटली डोळ्यांसमोर धरावी. आतल्या पाण्याचा पृष्ठभाग जेव्हा केवळ एक रेघ दिसेल, तेव्हा त्या रेघेच्या मागे समोरच्या दृश्यात जे काही येईल ते आपल्या डोळ्यांच्या पातळीवर आहे. सिंहगडावर बसून राजगड आणि तोरणा काढणाऱ्याने हा प्रयोग जरूर करावा. या तिन्ही गडांच्या उंचीत फार मोठा फरक नसल्यामुळे समोरच्या दोन्ही गडांचे माथे त्या रेघेच्या अगदी थोडेच वर येतात. त्यांची कीर्ती मनात असलेला हात मात्र त्यांना कागदाच्या वरच्या टोकापर्यंत नेतो आणि आपण स्वतः उंचावर उभे आहोत ही त्या दृश्यातली मुख्य भावनाच हरवते.

घाटरस्त्याचेही असेच आहे. चढणीच्या रस्त्याच्या दोन्ही कडा एकत्र येतात तो बिंदू डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, उताराच्या रस्त्याचा खाली असतो. आणि त्याच रस्त्याकडेच्या घरांच्या पायथ्याच्या व छपरांच्या आडव्या रेषा मात्र डोळ्यांच्या पातळीवरच जाऊन मिळतात. या दोन्हींमधील विसंगतीमुळेच चढ दिसतो. दोन्ही एकाच बिंदूत ओढले की घाट सपाट होऊन हमरस्ता बनतो.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची लेन्स सहसा वाइड असते, त्यामुळे जवळचे गवत प्रचंड आणि मागचा डोंगर केविलवाणा दिसतो. शिवाय सावल्या एकतर काळ्याकुट्ट होतात किंवा कॅमेरा त्या कृत्रिमपणे उजळवतो, म्हणजे टोनची माहिती दोन्ही बाजूंनी अविश्वसनीय असते. फोटो तपशिलाच्या आठवणीसाठी घ्यावा आणि टोनची नोंद जागेवरच पेन्सिलने करावी. इंग्लंडमध्ये चित्रकार कॉन्स्टेबल यांनी १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांचे जे तैलरंगातील अभ्यास केले, त्यांतील अनेकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली आहे. अशी दोन ओळींची नोंद महिन्याभराने दहा फोटोंपेक्षा अधिक काही सांगते.

हिरव्याचा कच्चेपणा

तयार हिरवा रंग ट्यूबमधून काढून थेट लावला की तो प्लॅस्टिकसारखा दिसतो, हे प्रत्येकाला लवकरच कळते. त्यात थोडा बर्न्ट सिएना किंवा थोडा लाल मिसळला की तो जमिनीवर येतो. अल्ट्रामरीन आणि निरनिराळे पिवळे घेऊन स्वतः हिरवे बनवणे त्याहून चांगले, कारण मग एकाच झाडात तीन हिरवे सहज सापडतात. मागून ऊन असलेले पान पिवळसर आणि झगझगीत होते, आणि वर तोंड करून असलेल्या पानावर आकाशाचा राखी-निळा चढतो. आषाढात भाताची कोवळी रोपे जो पोपटी रंग दाखवतात तो खरोखरच तीव्र असतो, पण तो तीव्र वाटतो याचे कारण त्याच्या बांधावरची झाडे आणि मागचा डोंगर मळकट, निळसर हिरवे असतात. सगळीकडे तोच पोपटी वापरला, तर तो कोठेच उठत नाही. आणि फेब्रुवारीत घाटमाथा हिरवा नसतोच. वाळलेल्या गवताचा पिवळट-बदामी माळ, त्यावर निष्पर्ण फांद्या आणि मधेच फुललेला पळस किंवा पांगारा, असे असताना केवळ सवयीने हिरवे डोंगर करणाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलेले नाही एवढेच म्हणता येईल. झाडाचे खोड तपकिरी असते हीसुद्धा शाळेतली समजूत. बहुतेक खोडे करडी असतात आणि झाडाच्या गर्द भागाखाली तर ती जवळजवळ काळपट असतात.

पाने एकेक करून काढण्याबद्दल वेगळे सांगण्याची गरज नसावी. झाडाच्या आत दिसणारी आकाशाची भोके मात्र आकाशाहून किंचित गडद ठेवावीत, नाहीतर ती झाडाला चिकटवलेल्या कागदाच्या टिकल्या वाटतात.

पाणी, कागद आणि हवामान

वॉशमध्ये अचानक फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उमटतात तेव्हा रंगाचा किंवा कागदाचा दोष शोधला जातो. प्रत्यक्षात वॉश अर्धवट वाळलेला असताना त्याच्याहून अधिक पाणी असलेला ब्रश तेथे टेकवला गेलेला असतो, आणि ते जास्तीचे पाणी बाहेर पसरताना रंगद्रव्याचे कण ढकलून कडेला गोळा करते. कागदाकडे तिरप्या नजरेने पाहण्याची सवय लावली, तर त्याच्या ओलसरपणाच्या अवस्था ओळखता येतात: पाणी साचल्यासारखी चमक असेल, तर रंगात रंग मिसळता येतो, चमक मंद झाली की कागदापेक्षा कमी ओल्या ब्रशनेच काम करावे, आणि चमक गेली पण पालथ्या हाताला कागद गार लागतो, ही अवस्था सर्वात फसवी असल्यामुळे तेव्हा हात पूर्ण बाजूला ठेवावा. मळकट चित्रांपैकी पुष्कळशी याच शेवटच्या अवस्थेत बिघडतात. वरचा ब्रश खालचा अर्धवट वाळलेला थर उकरतो, दोन्ही थरांचा चिखल होतो, आणि मग तो झाकण्यासाठी तिसरा थर येतो. एका मिश्रणात दोन, फार तर तीन रंग घ्यावेत हे खरेच आहे, पण पाच रंगांचे मिश्रण एकदाच लावून सोडून दिले तर ते दोन रंगांच्या चारदा घोटलेल्या वॉशपेक्षा स्वच्छ दिसते.

परदेशी व्हिडिओंमधील वाळण्याच्या वेळा आपल्याकडे लागू पडत नाहीत. मे महिन्यात नागपूरला किंवा संभाजीनगरला वॉश ब्रशखालीच वाळतो, म्हणून कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घ्यावा, ब्रश नेहमीपेक्षा मोठा घ्यावा आणि पॅलेटवर रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा, कारण आकाशाच्या मध्यावर रंग संपला की तेथे कडा पडणारच. पावसाळ्यात महाबळेश्वरला याच्या उलट तासभर काहीच वाळत नाही. अशा दिवशी थरांवर थर देण्याचा बेत सोडून ओल्यावर ओले काम एका दमात पूर्ण करणे शहाणपणाचे ठरते.

कागदाबाबत काटकसर करू नये, हे नवशिक्याला सांगणे कठीण असते, पण पातळ ड्रॉइंगच्या कागदावर कोणीही सपाट वॉश देऊ शकत नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद घ्यावा. तो महाग पडत असेल तर मोठ्या तावाचे चार तुकडे करून लहान चित्रे करावीत. लग्नपत्रिकांसाठी वापरतात त्या हातकागदावर काम करून निराश झालेले पुष्कळजण भेटतात. त्या कागदावर पाणी रोखणारी खळ बहुधा नसते आणि तो टिपकागदाप्रमाणे रंग शोषतो. चांगल्या कागदावरची खळसुद्धा आपल्या दमट हवेत बिघडते, आणि मग वॉश देताच मधेमधे गडद ठिपके उमटतात जे कशानेही जात नाहीत. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावा आणि पावसाळ्यानंतर वापरण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर रंगाचे एक बोट ओढून पाहावे. बिघडलेला कागद पेन्सिलला किंवा पेस्टलला चालतो.

प्रतिबिंबे

वरचे चित्र उलटे करून पाण्यात उतरवले की प्रतिबिंब झाले, असे नाही. पाण्यातील दृश्य हे पाण्याच्या पातळीवरून वर पाहिल्यासारखे असते, त्यामुळे काठावरच्या छपराची खालची बाजू पाण्यात अधिक दिसते आणि काठामागचे टेकाड कधीकधी अजिबात दिसत नाही. टोनचा नियम असा की गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूहून थोडे फिके आणि उजळ वस्तूचे थोडे गडद असते. पाणी हलत असेल, तर प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबते, पण कोणत्याही स्थितीत ते वस्तूच्या थेट खालीच येते, सावलीप्रमाणे बाजूला पडत नाही. सावली आणि प्रतिबिंब यांची गल्लत झालेली नदीची चित्रे मी प्रदर्शनांतही पाहिली आहेत.

बिघडलेले चित्र आणि टिकणारे चित्र

चित्र बिघडले असे वाटताच त्यात आणखी रंग घालणे ही शेवटची मोठी चूक. ते उचलून दूर भिंतीला टेकवावे, मोबाइलवर त्याचा फोटो काढून कृष्णधवल करून पाहावा, आणि आरशात किंवा उलटे धरून पाहावे. बहुतेक वेळा एखादी गडद जागा कमी पडलेली असते किंवा डोंगराची कड नेमकी छपराच्या टोकाला टेकून दोघांना एकत्र चिकटवत असते. गडद जागा वाढवता येते. उजळ जागा परत मिळवायची असेल, तर स्वच्छ ओल्या ताठ ब्रशने रंग सैल करून टिपकागदाने उचलावा. अल्ट्रामरीन आणि मातकट रंग बऱ्यापैकी उठतात, फ्थॅलो निळा व हिरवा कागदात मुरतात आणि उठत नाहीत, म्हणून जेथे शंका असेल तेथे ते वापरूच नयेत. पाण्यावरची चमक कोरड्या कागदावर ब्लेडच्या टोकाने खरवडून मिळते, पण ती सर्व काम संपल्यावरच, कारण खरवडलेल्या जागी नंतर लागलेला रंग डाग पाडतो. काहीच जमले नाही, तर पुठ्ठ्याचे दोन काटकोन घेऊन चित्रातील एखादा चांगला तुकडा सापडतो का पाहावे आणि तेवढाच कापून ठेवावा.

रंग टिकतील की नाही, हा विचार नवशिका करत नाही, कारण आपले चित्र कोणी ठेवेल असे त्याला वाटत नसते. व्हॅन गॉग यांनी वापरलेल्या काही लाल रंगांचे काय झाले हे येथे पाहण्यासारखे आहे: १८८८ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथे रंगवलेल्या त्यांच्या शयनगृहाच्या चित्रातील भिंती मुळात जांभळट होत्या, त्यातील लाल उडून गेल्यामुळे आज त्या निळ्या दिसतात. टोनच्या बाबतीत मात्र त्यांच्याच एका साधनाने अधिक साथ दिली. त्याच वर्षी आर्लच्या परिसरात मिळणाऱ्या पोकळ दांड्याच्या गवताचे टोक तासून त्यांनी लेखण्या केल्या, आणि आपल्याकडच्या बोरूशी नाते सांगणाऱ्या त्या लेखण्यांनी मोंमाजूरच्या टेकडीवरून दिसणाऱ्या शेतांची रेखांकने केली. ठिपके, आडव्या रेघा आणि तुटक फटकारे यांची दाटी कमीजास्त करून साधलेली त्यांतील खोली रंगावर अवलंबूनच नाही. बाजारात आजही पीआर ८३ क्रमांकाचे अॅलिझरिन क्रिमसन आणि काही झगझगीत गुलाबी रंग उन्हात उडणारे असतात, त्यामुळे ट्यूबवरील नावाऐवजी रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा आणि शंका असल्यास रंगाची पट्टी अर्धी झाकून दक्षिणेच्या खिडकीत पावसाळा संपल्यापासून होळीपर्यंत ठेवून द्यावी. तयार चित्र फ्रेम करताना कागद आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीची जाडी असू द्यावी, कारण काचेला चिकटलेल्या कागदावर पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. आणि फ्रेम बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर न टांगता घराच्या आतल्या, कोरड्या भिंतीवर टांगावी.